हर्षाच्या रागाचा रविवार

मुळगावात हर्षा गावसचं नाव निघालं की माणसं आधी इकडेतिकडे बघून घेत आणि मगच बोलत. बाई रागीट. डिचोलीच्या एका पतसंस्थेत कारकून, वय शेहेचाळीस, लग्न केलेलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलं, तर तुम्ही का केलंत असं विचारणाऱ्याच्याच पदरात टाकून ती मोकळी व्हायची. नळाच्या पाण्यावरून, देवळाच्या वर्गणीवरून, रस्त्यात आडव्या लावलेल्या गाड्यांवरून गावातल्या बहुतेकांशी तिचं कधी ना कधी वाजलेलं होतं. बहुतेक वेळा बरोबर तीच असायची, त्यामुळे तर ती लोकांना जास्तच नकोशी वाटायची.

तिचे वडील विठ्ठल गावस शेतकरी होते. खाणी जोरात होत्या त्या काळात पावसाळ्यात खाणीवरची माती वाहून थेट त्यांच्या शेतात उतरायची. तांबडा, चिकट गाळ. विठ्ठल तो फावड्याने ओढून काढत, आणि दर वर्षी खाणीवरच्या साहेबाला भेटायला जाऊन हात जोडून परत येत. हर्षा एकदा त्यांच्याबरोबर गेली होती. साहेब कदेलीवर, म्हणजे आपल्या खुर्चीवर, रेलून कोणाशी तरी फोनवर हसत होता आणि वडील दारात हात जोडून उभे होते. फोन संपेपर्यंत ते हात तसेच होते. त्या जोडलेल्या हातांचा तिला जो राग आला तो पुढे कधी गेलाच नाही. वडील खोकून खोकून गेले, खाणी बंद पडल्या, ट्रक थांबले, तरी राग होता तिथेच राहिला.

तिलाही छातीचा त्रास होताच. म्हापशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोकळ्या हवेत चालत जा. तिने समुद्र निवडला. पावसाळा संपला की रविवारी पहिल्या बसने निघायचं, बस बदलत किनारा गाठायचा, दिवसभर एकटीने चालायचं आणि दिवेलागणीपर्यंत बसनेच घरी यायचं. तिच्या आवडीची वाट पेडण्यातली. केरीला उतरायचं, सुरूच्या झाडांखालून वाळूवर यायचं, मग डोंगर चढून पलीकडे हरमलला उतरायचं, आणि तिथून मांद्रे, आश्वे, मोरजी अशी पाण्याच्या कडेकडेने खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन चोपड्याला बस पकडायची. त्या चालण्यात तिच्याशी कोणी बोलत नसे आणि तिला कोणाशी भांडावं लागत नसे. आठवड्यातला तेवढाच दिवस ती कोणावर चिडलेली नसायची.

त्या जानेवारीतल्या रविवारी मात्र ती घरातूनच चिडून निघाली. भावजय सेजलच्या माहेरची माणसं दुपारी जेवायला यायची होती. हर्षा बुटांच्या नाड्या बांधत होती तेव्हा आई, कमलाक्षी, चुलीपाशी बसून म्हणाली, "आज तरी रव गो घरात. माणसां येतली, बरां दिसना."

"त्यांच्या घरी मी गेले तर ते माझ्यासाठी थांबतात का?"

भाऊ गौरेश जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, चहा पीत होता. तो शांतपणे म्हणाला, "प्रश्न जेवणाचा नाही. या वयात एकट्या बाईनं समुद्रावर फिरायचं, लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

"सांग मेली म्हणून," हर्षा म्हणाली. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेतलेल्या दोन पोयांमध्ये रात्रीची भाजी भरून तिने पिशवीत टाकली आणि दार ओढून घेतलं.

म्हापशाहून केरीला जाणारी खाजगी बस भरेपर्यंत हलेना. कंडक्टर खाली उभा राहून गावांची नावं ओरडत होता आणि आतल्यांना मागे सरा, मागे सरा करत होता. हर्षाने त्याला विचारलं, बस सुटायची वेळ कुठली. तो म्हणाला, भरली की सुटणार. ती त्याला जे बोलायचं ते बोलली. तो हसला, आणि बस आणखी तेवढाच वेळ उभी राहिली. केरीला ती पोचली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. ओहोटी संपून पाणी परत फिरायला लागलं होतं.

केरीला ती जवळजवळ वर्षाने येत होती. मधे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्यानंतर एकदोन रविवार मिळाले ते तिने जवळपासच घालवले होते. वाळू संपते तिथून ती पायवाटेने डोंगर चढायला लागली. खाली खडपावर, म्हणजे पाण्यात उतरलेल्या काळ्या खडकांवर, कोणी बाई वाकून काहीतरी खरवडत होती. वर वारा होता. हर्षाचा सकाळचा राग जरा निवायला लागला होता, तेवढ्यात समोर हिरव्या जाळीचं कुंपण आलं.

डोंगराच्या माथ्यावर, पायवाटेच्या बरोबर मधे, लोखंडी खांब, खांबांना काटेरी तारा, तारांवर जाळी. वाट कुंपणाखालून पलीकडे गेलेली स्पष्ट दिसत होती. पलीकडे नव्या झोपड्यांसारख्या खोल्या, गवताची छपरं, पांढऱ्या खुर्च्या. बंद फाटकाशी खाकी शर्टातला एक माणूस स्टुलावर बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, दाढीची खुंटं पांढरी. तो उठून उभा राहिला.

"ताई, हयसून वाट नाय आता."

"कधीपासून नाही?"

"दसऱ्यापासून. रस्त्यान जावा. परत केरीक आणि थयसून पालयेवरून."

"दहा वर्षं मी या वाटेने जाते. वाट कोणाला विचारून बंद केली?"

"ता माका काय म्हायत? माका सांगल्यानी, कोणाक सोडू नको."

"तुम्ही कुठले?"

"आरोंद्याचो. शांताराम." तेरेखोल नदीच्या पलीकडचं, सिंधुदुर्गातलं गाव. बोलायला कोणीतरी मिळालं म्हणून असेल, तो आपणहून पुढे सांगायला लागला, "आदी मी खाणीर ट्रकाक होतंय. डिचोलेक. खाणी बंद झाल्यो, मगे ह्या."

"डिचोलीला कुठे?"

"मुळगाव, अस्नोडा, सगळीकडे."

हे ऐकलं आणि हर्षाचा तोल गेला. "म्हणजे तिथे आमच्या तोंडावर धूळ उडवलीत, आता इथे येऊन वाट अडवता. पगार मिळाला की झालं. कोणाचं काय बुडतं याच्याशी तुमचा संबंध नाही."

शांतारामने मान खाली घातली. मग डोंगराच्या उताराकडे एक नजर टाकून तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, जरा कळ काढा. आवाज करू नका. मी बघतंय काय ता."

त्याला काय म्हणायचं होतं ते हर्षाला नंतर कळलं. त्या क्षणी तिला वाटलं, हा आपल्याला गप्प करतोय, आणि गप्प बस म्हटलं की तिचा आवाज चढायचा. तो चढलाच. वाट कोणाच्या बापाची नाही, समुद्र कोणी विकत घेतलेला नाही, हिंमत असेल तर मालकाला बोलवा, असं ती फाटक हलवून ओरडायला लागली. फाटकाची साखळी खणखणली. पांढऱ्या खुर्च्यांवरची दोनचार माणसं वळून बघायला लागली.

मालक आला नाही. बॅटरीवरच्या छोट्या गाडीतून मॅनेजर आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, त्यावर तुषार असं नाव. तो हात वर करून अगदी गोड आवाजात म्हणाला, "काकी, प्लीज. आत गेस्ट आहेत."

"काकी तुझ्या घरी. फाटक उघड."

"मी पण पेडण्याचाच आहे हो. मला तुमच्या भावना समजतात."

"समजतात तर उघड."

"माझ्या हातात असतं तर..." असं म्हणता म्हणता तो थांबला. त्याची नजर हर्षाच्या खांद्यावरून पलीकडे, समुद्राच्या बाजूला गेली होती. हर्षाने वळून पाहिलं.

कुंपणाच्या टोकाला, जिथे उतार सुरू होतो तिथे, जाळीचा कोपरा खांबापासून सुटा होता. खाली खडपावर दिसली होती ती बाई वर आली होती. साठीच्या पुढची, नेसण कासोट्याचं, गुडघ्यापर्यंत ओली. तिने डोक्यावरची टोपली आधी कुंपणाखालून पलीकडे सरकवली होती आणि स्वतः तारेखाली वाकली होती. अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे.

तुषार तिच्याकडे बघत राहिला. मग शांतारामला म्हणाला, "हे रोज चालतं?"

शांताराम स्टूल मागे सरकवायला लागला.

"मी तुला विचारतोय."

"म्हातारी बाय ती, सायबानू. शिणाणे काढता. घटकाभराचो प्रश्न."

तुषारने फोन लावला. दोन कामगार तारेचं भेंडोळं घेऊन आले. त्यांनी टोपली उचलून परत अलीकडे ठेवली, बाईला मागे सरायला लावलं, जाळीचा कोपरा खांबाला ओढून पक्का बांधला, वर आणखी एक काटेरी तार फिरवली. सगळं त्या तिघांच्या डोळ्यांसमोर. गाडीत बसताना तुषार शांतारामला म्हणाला, "संध्याकाळी ऑफिसात ये." हर्षाला त्याने हात जोडून नमस्कार केला आणि गाडी वळवली.

त्या बाईने तुषारकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपलीतले काळे, ओलसर शिंपले तिने हाताने सारखे केले आणि हर्षाकडे बघून विचारलं, "झाला तुझा?"

तिचं नाव यशोदा. केरीची. खडपावर ओहोटीला शिणाणे, म्हणजे खडकांना चिकटलेले ते काळे शिंपले, काढायचे, डोंगर ओलांडून हरमलला जायचं, तिथल्या दोनतीन खानावळींत थोडे द्यायचे आणि उरलेले घेऊन बसने शिवोलीला जाऊन संध्याकाळच्या बाजारात बसायचं, हा तिचा नेम. कुंपण पडलं तसा शांतारामने तिला तो कोपरा सोडून दिला होता. तिची वेळ झाली की तो तिकडे पाठ करून बसायचा. हे सगळं हर्षाला डोंगर उतरताना तुकड्यातुकड्याने कळलं, कारण यशोदा सलग बोलतच नव्हती. पुढे चालत होती, मधेच थांबून एक वाक्य टाकत होती, पुन्हा चालत होती. खालून जायची सोय उरली नव्हती, खडपावर पाणी चढलं होतं. आता मागे केरीला जाऊन बसची वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता, आणि केरीहून बसगाड्या मोजक्याच.

"मावशी, टोपली माझ्याकडे द्या."

"नको."

"मला माहीत नव्हतं हो. मला वाटलं..."

"तुका काय वाटला ता ऐकलंय मी. खाली खडपार ऐकाक येय होता."

वाळू लागली तशी यशोदाचा पाय लचकायला लागला. तिने न बोलता टोपली उतरवून हर्षाच्या डोक्यावर दिली. टोपलीतून खारं पाणी हर्षाच्या मानेवरून पाठीत उतरत राहिलं. डोकं ताठ ठेवून चालायची सवय नाही, त्यामुळे मान अवघडली, आणि अवघडल्या मानेने तिला राग आला. तुषारचा, त्याच्या नमस्काराचा, स्वतःचा, आणि खरं सांगायचं तर या बाईचासुद्धा.

"म्हणजे मी गप्प बसायला हवं होतं?" ती म्हणाली. "हे लोक असंच करतात मावशी. आधी वाट बंद करतात, मग उपकार केल्यासारखं एक भोक सोडतात, मग तेही बंद करतात."

"आज तर ता तूच बंद केलंस."

हर्षाने टोपली डोक्यावर सारखी केली. थोडं पुढे गेल्यावर यशोदाच म्हणाली, "तू रविवारची येतंस बाय. मी रोज येतंय. तू भांडून तुझो राग घेवन घरी जातलंस. माका उद्या परत त्याच डोंगरार चढाचा आसा."

हे तिने ओरडून सांगितलं असतं तर हर्षाला सोसलं असतं. तिने ते पाठमोऱ्या, सरळ आवाजात सांगितलं.

केरीच्या थांब्यावर दोघी झाडाखाली बसल्या. हर्षाने पिशवीतली एक पोयी यशोदाला दिली. यशोदाने ती घेतली, निम्मी खाल्ली, निम्मी पदरात बांधली. बराच वेळ गेल्यावर बस आली. हर्षा टोपली उचलायला वाकली तोवर कंडक्टर दारात आडवा झाला होता.

"टोपली नाही घ्यायची. पाणी गळतं, सीटांना वास लागतो. लोक तक्रार करतात."

हर्षा सरळ झाली. तिच्या तोंडात वाक्य तयारच होतं, आणि ते चांगलं वाक्य होतं. तेवढ्यात यशोदाने तिचं मनगट धरलं. खडक खरवडून खरखरीत झालेली बोटं, आणि पकड अशी की हर्षाला हात सोडवून घेता आला नसता. "गप," यशोदा म्हणाली. "एकदा तोंड उघडलंस आज. पुरे."

बस गेली. हर्षा तशीच उभी राहिली. भांडून तिला कधी थकवा येत नसे, पण हे न भांडणं तिला घाम फोडून गेलं.

"पाठसून एक येता," यशोदा म्हणाली. "तेचो ड्रायव्हर माका वळखता. तो घेता."

"तो ओळखतो म्हणून घेतो. शांताराम दया येते म्हणून सोडतो. आणि ही माणसं उद्या नसली तर?"

"तर उद्याचा उद्या."

हर्षाला खाणीवरच्या दारातले ते हात आठवले, पण यशोदाने हात जोडलेले नव्हते. ती पाय पसरून, पाठ झाडाला टेकून बसली होती आणि रस्त्याकडे बघत होती. ती कोणापुढे वाकत होती असं म्हणता येत नव्हतं. तिने फक्त कोण आपल्याला जाऊ देईल आणि कोण नाही हे पक्कं लक्षात ठेवलं होतं, आणि त्याच्या आधारावर आजवर दिवस काढले होते. हर्षाला तिची कीव आली नाही. तिला पुन्हा रागच आला. हा मात्र सकाळसारखा तोंडापर्यंत चढणारा नव्हता. तो खाली पोटात जाऊन बसला.

दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरने यशोदाला बघून नुसती मान हलवली. टोपली मागच्या दारापाशी, जादा टायरच्या शेजारी गेली. पालये, हरमल, मांद्रे. ज्या गावांच्या किनाऱ्याने चालत जायचं ती गावं हर्षाला काचेतून मागे जाताना दिसत होती, समुद्र मात्र एकदाही दिसला नाही. चोपड्याला, जिथे ती एरवी बसमध्ये चढायची, तिथे बस नुसती थांबून पुढे निघाली. पूल ओलांडून शिवोली आली. बाजार भरायला लागला होता. यशोदाला तिची नेहमीची जागा मिळाली नाही, उशीर झाला म्हणून तिथे दुसरी बाई बसली होती. तिने कडेला, गटाराजवळ पाट मांडला. हर्षाने टोपली उतरवून दिली.

"उद्या काय करणार?" हर्षाने विचारलं.

"उद्या बघू," यशोदा म्हणाली. मग थोडं थांबून, "पुढच्या रविवारी येतंस काय?"

"येते."

"ये. पण आधी माका विचारल्याशिवाय कोणाक काय बोलू नको."

हर्षाने मान डोलावली.

हर्षा घरी पोचली तेव्हा सेजलच्या माहेरची माणसं निघून गेली होती. गौरेश भांडणाच्या तयारीत होता. "झालं फिरून?" त्याने विचारलं. हर्षा हो म्हणाली, अंघोळ केली, जेवली आणि निजली. कमलाक्षीने सुनेला हळूच विचारलं, हिला बरं नाही की काय.

पुढच्या रविवारी हर्षा थेट यशोदाच्या दारात गेली. तिथे तिला कळलं की शांतारामला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. फाटकाशी आता दुसरा माणूस होता आणि तो कोणाकडे पाठ करून बसत नव्हता. यशोदा आठवडाभर रस्त्याने फिरून शिवोलीला जात होती, खानावळींची गिऱ्हाइकी सुटली होती.

"आरोंद्याला जाऊया," ती म्हणाली.

"जावन काय करतलंस?"

"माहीत नाही. पण त्या माणसाला मी काय काय बोलले ते तुम्ही ऐकलंत ना?"

दोघी बसने गेल्या. शांताराम अंगणात नारळ सोलत होता. त्याने बसायला सांगितलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. हर्षाने उभ्या उभ्याच विचारलं, "माझ्यामुळे नोकरी गेली ना?"

"थोडी तुमच्यामुळे," तो म्हणाला. खोटं बोलून त्याने तिला सोडवलं नाही. "पण ताई, एक सांगतंय. मी थयसर चार म्हयने बसलंय. कितके लोक इले, बघल्यानी, परत गेले. गावातले पण. कोणी एक शब्द बोलल्यान नाय. मी पण नाय. तुमी बोललात ता माका त्या दिवशी आवडला नाय. पण बोलूक कोणीतरी व्हया होता." नारळाची सोडणं बाजूला सारत तो पुढे म्हणाला, "फकत फाटकार नको. फाटकार माझ्यासारखो माणूस आसता. जंय सगळे बसतत थंय बोला."

म्हणजे केरीच्या ग्रामसभेत. ती महिनाअखेरच्या रविवारी होती. हर्षाने पतसंस्थेतल्या ओळखीच्या वकिलाला गाठून समुद्राकाठच्या जुन्या वाटांबद्दल काय काय विचारता येतं ते समजून घेतलं, पाठ केलं, आणि सभेला जाऊन यशोदाच्या शेजारी बसली. विषय निघाला तशी ती उठली. दोन वाक्यं बोलली असेल, तेवढ्यात पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ह्या बाई कुठल्या? या गावच्या मतदार आहेत का?"

नव्हती. आणि नियम तसाच होता, मतदार नसेल त्याला सभेत बोलता येत नाही. हर्षाला ते मान्य करून खाली बसावं लागलं. मागे कोणीतरी हसलं. त्या दिवशी ती काहीही करू शकली असती, टेबल उलथवू शकली असती. ती बसून राहिली, कारण तिने आधी यशोदाला विचारायचं कबूल केलं होतं.

सभागृहात पंखे फिरत होते. पुढचा विषय घ्यायचा असं कोणी म्हणत होतं, तेव्हा यशोदा उठली. ती आयुष्यात कधी सभेत बोललेली नव्हती.

"मी हयची," ती म्हणाली. "माका विचारू नको मी कुठली. माझी सासू त्या डोंगरान गेली, तिची सासू गेली. ह्या सभेत बसलल्यांनी माझ्या हातचे शिणाणे किती वेळा खाल्ले, सांगा. सगळ्यांनी खाल्ले. मग वाट गेली तेव्हा खय होतात तुमी?"

ती एक पाऊल पुढे सरकली.

"चार म्हयने मी कुत्र्यासारखी तारेखालसून गेलंय. तुमी बघल्यात. तू बघलंस, रे," तिने पुढच्या रांगेतल्या, मघाशी प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे बोट केलं. "तुझी बैलां थय चरत होती, तू बघलंस आणि तोंड फिरवलंस. मी पण गप रवलंय. माका वाटला, एक भोक आसा ना, पुरे झाला. आता ताही नाय. आता मी गप रवतलंय नाय. उद्यापासून मी टोपली घेवन त्या फाटकार बसतलंय. शिणाणे कुसले तरी उठाचंय नाय. वास सुटलो तर त्यांच्या पावण्यांक जावंदे."

शेवटी शेवटी तिचा आवाज इतका चढला होता की बाहेर रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. हर्षाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. एवढा राग तिने स्वतःखेरीज कोणात पाहिलेला नव्हता.

यशोदा बोलली तसं तिने केलं. दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन फाटकाशी बसली. तिसऱ्या दिवशी वाड्यावरच्या आणखी बायका तिच्या शेजारी येऊन बसल्या. ऊन तापलं आणि वास आत जायला लागला. आठवड्याच्या आत पंचायतीची माणसं जागा बघायला आली, आणि कुंपण घालायला परवानगीच घेतलेली नव्हती असं निघालं. रिसॉर्टवाल्यांनी मग तडजोड केली. समुद्राच्या बाजूने, दोन तारांच्या मधून, डोक्यावर टोपली घेतलेली बाई जाईल एवढी वाट मोकळी सोडली. बाकीचं कुंपण राहिलं. खाजगी मालमत्तेचा फलकही राहिला. शांतारामला नोकरी परत मिळाली नाही. तो आता आरोंद्यात एका शाळेची गाडी चालवतो आणि यशोदा बसने तिकडे गेली तर तिला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही.

हर्षा अजून रविवारी जाते. वाट मोकळी झाल्यावर ती पहिल्यांदा गेली तेव्हा तुषार फाटकाशी उभा होता. त्याने तिला ओळखलं आणि तोच गोड आवाज काढून विचारलं, "काय काकी, आता खूश ना?"

"नाही," हर्षा म्हणाली, आणि दोन्ही बाजूंच्या तारांना पदर लागू नये म्हणून तो कमरेला खोचून हरमलच्या दिशेने उतरायला लागली.